धुतलेल्या किडनीची वाट पाहायची का?

गोव्यातल्या काणकोणच्या एका ताईंनी विचारलं आहे. धाकटा भाऊ ३९ वर्षांचा, दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी मडगावला जातो. ताईंचा रक्तगट जुळतो आणि किडनी द्यायची त्यांची तयारी आहे. पण घरात कुणीतरी फोनवर एक व्हिडिओ दाखवला. डुकराची किडनी साबणाच्या पाण्यानं धुऊन पांढरीफेक करतात, मग तिच्यात रुग्णाच्याच पेशी भरतात, आणि नवी किडनी तयार! पाच वर्षांत हे सगळीकडे मिळेल, असं त्यात म्हटलंय. त्यात भर म्हणजे, भावाच्या पेशी ‘आत्ताच साठवून ठेवू’ असं सांगणारे एक गृहस्थ आगाऊ रक्कम मागताहेत. ताईंचा प्रश्न असा, की मी किडनी द्यावी की पाच वर्षं कळ काढावी? आणि पत्राच्या शेवटी, जरा संकोचानं, आईचा एक प्रश्न.

ताई, त्या किडनीसाठी थांबू नका आणि त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. तुम्ही स्वतःची किडनी द्यावी का, हा निराळा प्रश्न. त्याकडे येतोच, पण आधी व्हिडिओत काय खरं आहे ते सांगतो. त्यातलं बरंचसं खरं आहे, म्हणूनच तो फसवा आहे.

मी शल्यविशारद. आज माझं काम मुख्यतः डायलिसिसच्या रुग्णांचे फिस्टुला करणं, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातातली धमनी आणि शीर जोडणं, आणि मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमा बघणं. पण त्याआधी चार वर्षं मी गोव्याबाहेरच्या एका प्रयोगशाळेत शेळीच्या आणि डुकराच्या किडन्या धुतल्या आहेत. पहाटे कत्तलखान्यात जायचं, किडनी हातात आली की मिनिटाभरात धमनीत नळी घालून हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) मिसळलेलं सलाईन सोडायचं, बर्फात ठेवायची, परतायचं. मग काचेच्या भांड्यात टांगून धमनीतूनच पंपानं पाणी, मग डिटर्जंट, मग पुन्हा पाणी. डिटर्जंट कुठलं? सोडियम डोडेसिल सल्फेट. शाम्पूच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचलीत तर तिथे त्याचं दुसरं नाव सापडेल, सोडियम लॉरिल सल्फेट. ते पेशींची चरबीची आवरणं फोडतं, आतला ऐवज वाहून जातो. तपकिरी किडनी आधी गुलाबी होते, मग पिवळट, आणि दीड-दोन दिवसांनी दुधी, अर्धपारदर्शक. दिव्यासमोर धरली की आतली धमन्यांची फांदीन्‌फांदी दिसते.

परसातलं घोसाळं वेलीवरच वाळू दिलं की गर झडून जातो आणि जाळी उरते. घोसाळ्याचा आकार, लांबी, बियांचे कप्पे, सगळं जागच्या जागी. किडनीचंही तसंच होतं. पेशी गेल्या तरी त्यांनी आयुष्यभर स्वतःभोवती विणलेलं प्रथिनांचं जाळं राहतं: कोलॅजन, इलास्टिन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन. प्राण्याच्या पेशींना आपलं शरीर परकं म्हणून मारतं. पण कोलॅजन डुकराचं आणि माणसाचं जवळजवळ सारखंच. म्हणून पेशी काढा, जाळी ठेवा, ही कल्पना मुळातच हुशारीची आहे.

एकदा आमच्या मदतनिसाला हेपारिन सोडायला दहा मिनिटं उशीर झाला. दोन दिवस धुतलं, सगळी किडनी पांढरी झाली, फक्त कडेला पाचरीच्या आकाराचा एक तुकडा तपकिरीच राहिला. तिथली एक फांदी गोठलेल्या रक्तानं बंद झाली होती, आणि किडनीतल्या धमन्यांच्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. एक बंद पडली तर शेजारीण मदतीला येत नाही. ती किडनी मी फेकून दिली. या सगळ्या विद्येचं दुखणं त्या पाचरीत आहे, हे मात्र मला पुष्कळ नंतर कळलं.

जाळी ‘धुतली गेली’ हे डोळ्यांनी ठरत नाही. सर्वसाधारण मानलेला निकष असा, की वाळवलेल्या जाळीच्या एका मिलिग्रॅममध्ये ५० नॅनोग्रॅमहून कमी डीएनए उरावा आणि त्याचे तुकडे २०० बेस जोड्यांपेक्षा लहान असावेत. हा काटेकोरपणा कशासाठी ते व्हिएन्नात चार लहान मुलांच्या बाबतीत कळलं. २००१ च्या सुमारास त्यांच्या हृदयात पेशी धुऊन काढलेल्या डुकराच्या झडपा बसवल्या होत्या. तिघं मुलं दगावली, चौथ्याची झडप वेळीच काढली. नंतर तपासलं तर झडपांमध्ये डुकराच्या पेशींचे अवशेष होते. कागदोपत्री त्या झडपा स्वच्छ होत्या.

बरं, मग जास्त धुवावं? जास्त धुतलं की जाळीवर चिकटलेली वाढीची रसायनं आणि शर्करायुक्त रेणू निघून जातात, डिटर्जंट मात्र तंतूंत अडकून बसतं आणि नंतर भरलेल्या पेशींना मारतं. कपडे धुणाऱ्या कुणालाही हा पेच कळेल: डाग जायला हवा आणि कापड विरता कामा नये.

आता व्हिडिओचा दुसरा भाग, पेशी भरण्याचा. २००८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर आणि हाराल्ड ऑट यांनी उंदराचं हृदय असं धुतलं, नवजात उंदरांच्या हृदयपेशी भरल्या, आणि आठव्या दिवशी ते धडधडलं. जगभर बातमी झाली. त्याची पंपाची ताकद प्रौढ उंदराच्या हृदयाच्या सुमारे २ टक्के होती. हा आकडा बातमीत शेवटी येतो, किंवा येतच नाही. २०१० मध्ये फुप्फुस आणि यकृत झालं. २०१३ मध्ये ऑट यांच्याच गटानं बोस्टनमध्ये उंदराची किडनी केली: रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी धमनीतून, नलिकांच्या पेशी मूत्रवाहिनीतून, भांड्यात थोडा निर्वात करून आत ओढून घेतलेल्या. उंदराच्या अंगात जोडल्यावर तिनं लघवी केली.

‘लघवी केली’ या दोन शब्दांवर लोक फार भाळतात. ताई, पेशी न भरलेली, नुसती धुतलेली जाळीही ‘लघवी’ करते. आतून पाणी सोडलं की दुसऱ्या बाजूनं पाणी झिरपतं, भरपूर झिरपतं. माणसाच्या दोन किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं ९९ टक्के परत घेतात. कसब गाळण्यात थोडं आणि परत घेण्यात फार. तुमच्याकडे तळपण-गालजीबागच्या बाजूला खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, पाहिली असतील. बांधाला भगदाड पाडलं तर पाणी वाहतंच, त्याला काय अक्कल लागते? बांधातल्या मानशीचं, म्हणजे पाण्याच्या वाटेचं, दार भरती-ओहोटीबरोबर नेमकं उघडतं आणि मिटतं म्हणून शेत पिकतं. बोस्टनच्या त्या किडनीत काही दारं बसली होती, पण फार थोडी. तिचं काम नैसर्गिक किडनीच्या जवळपासही नव्हतं, आणि तसं त्या संशोधकांनी लपवलंही नव्हतं.

उंदराच्या किडनीहून माणसाच्या मापाची किडनी शंभरेक पटींनी मोठी. तिच्यात सुमारे दहा लाख गाळण्या, वीसहून जास्त प्रकारच्या पेशी, प्रत्येकीची जागा ठरलेली. मूळ पेशींपासून (स्टेम सेल) यातले बरेचसे प्रकार प्रयोगशाळेत करता येतात, थोड्या प्रमाणात. पण समजा सगळ्या मिळाल्या, तरी अडचण दुसरीच आहे. ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून पेशीपर्यंत जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर जातो. त्याहून लांबची पेशी मरते. म्हणजे किडनीतली प्रत्येक केशवाहिनी चालू हवी. केशवाहिनी चालू राहायची तर तिच्या आतून पेशींचं सलग अस्तर हवं, कारण उघड्या कोलॅजनला रक्त लागलं की गोठतं. गोठण्यासाठीच तर शरीरानं ती व्यवस्था केली आहे: कातडी फाटली, कोलॅजन उघडं पडलं, रक्त थांबलं. धुतलेली किडनी म्हणजे रक्ताच्या दृष्टीनं आतून-बाहेरून एक मोठी जखम.

२०१२ मध्ये अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या गटानं डुकराच्या धुतलेल्या किडन्या डुकरांमध्ये जोडून पाहिल्या. टाके टिकले, दाब सहन झाला, गळती नाही. दोन आठवड्यांनी पाहिलं तर आतलं रक्तवाहिन्यांचं झाड गोठून गच्च. माझी ती तपकिरी पाचर आठवते? इथे सगळी किडनीच पाचर झाली होती. त्यानंतर अस्तर बसवण्याच्या रीती सुधारल्या आहेत, डुकरांमध्ये रक्त काही दिवस, काही ठिकाणी त्याहून जास्त वाहतं ठेवता आलं आहे. पण तुमच्या भावाला दिवस पुरणार नाहीत, वर्षं हवीत.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच खूण सांगतो: जे चपटं आहे ते जमलंय, जे जाड आहे ते अडलंय. चपट्या किंवा पोकळ वस्तूला आसपासच्या उतींतून ऑक्सिजन मिळतो, पेशीही रुग्णाच्याच शरीरातून चालत येतात. बाहेरून भराव्या लागत नाहीत.

आणि चपट्यांची यादी छोटी नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या आलँ कार्पेंतिए यांनी डुकराची झडप ग्लुटराल्डिहाइड या रसायनात मुरवून माणसात टिकवून दाखवली. आज डुकराच्या झडपा आणि गाईच्या हृदयावरणापासून शिवलेल्या झडपा जगभर रोज बसतात. (या मात्र ‘जिवंत’ होत नाहीत. रसायनानं घट्ट केलेल्या असतात, दहा-पंधरा वर्षांत त्यांच्यावर चुना बसतो, तरुणांमध्ये लवकर.) १९८० च्या दशकात परड्यू विद्यापीठात स्टीफन बॅडिलॅक यांनी डुकराच्या लहान आतड्याचा एक पातळ थर कुत्र्याच्या महाधमनीच्या जागी बसवला. नळी टिकली, आणि काही महिन्यांनी पाहिलं तर आतड्याचा मागमूस नव्हता, कुत्र्यानं तिथे स्वतःची भिंत उभारली होती. त्याच थराचे पडदे पुढे जखमा आणि हर्निया यांसाठी वापरात आले. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातातल्या शिरा संपल्या तर गाईच्या मानेतल्या धमनीवर प्रक्रिया करून केलेली नळी जोडण्याची रीतही परदेशात पन्नासेक वर्षांपासून आहे.

आपल्या देशातलं उदाहरण मला विशेष आवडतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं डुकराच्या पित्ताशयाची जाळी वापरून जखमेवर लावायचा पापुद्रा तयार केला, आणि २०२३ मध्ये त्याला भारतीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. पित्ताशय! कत्तलखान्यात जे कुणी उचलतही नाही. आइसलँडमध्ये एका कंपनीनं हेच कॉड माशाच्या कातडीचं केलं. थंड पाण्यातल्या त्या माशाकडून माणसाला विषाणू येण्याची भीती नगण्य, म्हणून कातडी फार कडक रसायनांनी धुवावी लागत नाही आणि तिच्यातलं तेल शाबूत राहतं. पायाच्या जखमा घेऊन येणाऱ्या माझ्या रुग्णांना मी हे सांगतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, ‘डॉक्टर, बांगड्याचं चालत नाही?’ हसण्यावारी नेऊ नका. ब्राझीलमध्ये भाजलेल्या जखमांवर तिलापियाची निर्जंतुक केलेली कातडी लावून चांगले निकाल मिळवले आहेत.

किडनी-यकृताच्या बाबतीत मला त्यातल्या त्यात आशा वाटते ती एका आडवाटेनं. मिनेसोटातल्या मिरोमॅट्रिक्स या कंपनीनं डुकराचं यकृत धुऊन त्यात मानवी पेशी भरल्या आणि ते शरीराबाहेर ठेवून, नळ्यांनी रक्त फिरवून, यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णाला थोडा वेळ मिळवून देण्याच्या चाचण्यांची परवानगी मिळवली. शरीरात बसवायचं नाही, वर्षभर टिकवायचं नाही, दोन-चार दिवस चालवायचं. आपल्याला काय अजून येत नाही ते ओळखून केलेला हा विचार आहे. मला तो पटतो.

आणखी एक गोंधळ दूर करतो, कारण तुमच्या पत्रात दोन बातम्या मिसळल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला एका रुग्णाला डुकराची किडनी बसवली, ती धुतलेली नव्हती. ती जिवंत डुकराची जिवंत किडनी होती. फरक इतकाच, की त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल केले होते: काहींनी आपलं शरीर ज्या खुणांवर तुटून पडतं त्या पुसल्या, काहींनी माणसाची जनुकं घातली, आणि बहुतेकांनी डुकराच्या जनुकांत दडलेले विषाणू निकामी केले. तो रुग्ण सुमारे दोन महिने जगला. नंतरच्या काहींना जास्त काळ लाभ झाला. रोगप्रतिकार दाबणारी औषधं मात्र सगळ्यांना लागलीच. या वाटेचा वेग धुण्याच्या वाटेपेक्षा आज जास्त आहे हे मी, चार वर्षं धुण्यात घालवलेला माणूस, कबूल करतो. आपल्या देशात यापूर्वी एक धाडस झालं होतं: १९९७ मध्ये गुवाहाटीत डॉ. धनीराम बरुआ यांनी एका रुग्णाला डुकराचं हृदय बसवलं. रुग्ण सात दिवस जगला, डॉक्टर तुरुंगात गेले.

धाडसाचा विषय निघालाच आहे तर पावलो माक्यारीनी या शल्यविशारदांचंही सांगायला हवं. २००८ मध्ये बार्सिलोनात त्यांनी मृत दात्याची श्वासनलिका धुऊन, रुग्णाच्या पेशी लावून बसवली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आम्ही प्रयोगशाळेत तो लेख भिंतीवर चिकटवला होता. पुढे स्टॉकहोममध्ये त्यांनी प्लॅस्टिकच्या नळ्या बसवल्या, रुग्ण मेले, खटला चालला, २०२३ मध्ये स्वीडनच्या वरच्या न्यायालयानं अडीच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’नं २००८ चा लेखही मागे घेतला. तो कागद आमच्या भिंतीवरून कुणी काढला, मला माहीत नाही.

तुमच्याकडे पैसे मागणारे गृहस्थ त्या मानानं किरकोळ. त्यांना एवढंच विचारा, की साठवलेल्या पेशींचं पुढे कोण, कुठे, कुठल्या परवानगीनं काय करणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळ पेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण, तेही ठरावीक आजारांत. बाकी सगळं संशोधन. आणि संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न. थांबण्याची किंमत भाऊ रोज मोजतोय. प्रत्यारोपणाआधी डायलिसिसवर जितकी वर्षं जास्त जातात, तितके हृदय आणि रक्तवाहिन्या झिजतात आणि नंतरचा निकाल उतरतो. जिवंत दात्याची किडनी सरासरीनं मृत दात्याच्या किडनीपेक्षा जास्त वर्षं चालते. कायद्यानं बहीण ही जवळची नातेवाईक, त्यामुळे कागदपत्रांचा मार्ग सोपा. सख्ख्या भावंडांत ऊती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्ध्या जुळण्याची चारात दोन. अजिबात न जुळल्या तरी आजच्या औषधांमुळे ते दार बंद होत नाही.

पण मी तुम्हाला ‘द्या’ असं सांगणार नाही. तुम्ही काणकोणच्या, हे वाचून माझा हात थांबला. तुमच्या तालुक्यात कारण न सापडलेला किडनीचा आजार अनेक वर्षं दिसतो आहे. भावाला मधुमेह नाही, रक्तदाब आजारानंतर वाढला, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तोही कदाचित त्यातलाच. तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात, एकाच विहिरीचं पाणी प्यायलात. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) नुसतं ‘नॉर्मल’ आलं म्हणून खूश होऊ नका, किडनीचं अर्धंअधिक काम गेलं तरी ते कागदावर बरं दिसू शकतं. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना गाव आवर्जून सांगा. डीटीपीए स्कॅन करून प्रत्येक किडनीचं काम वेगवेगळं मोजून घ्या, लघवीतला अल्ब्युमिन (प्रथिन) एकदा सोडून दोन-तीनदा तपासा. दान केल्यावर उरलेली किडनी वाढते आणि आधीच्या एकूण कामाच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंत पोचते. हा हिशोब निरोगी किडनीचा आहे. तुमची तशी आहे हे सिद्ध होईपर्यंत घरात कुणाला शब्द देऊ नका, भावालाही नाही.

तपासण्या चालू असतानाच भावाचं नाव मृत दात्याच्या यादीत नोंदवा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) चौकशी करा. तुम्ही देणार असलात तरीही नोंदवा, एक वाट बंद झाली तर दुसरीवर शून्यापासून सुरुवात नको. आणि फिस्टुल्याच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, सुई टोचू देऊ नका, बाजाराची पिशवी त्या हातात नको. रोज सकाळी उठल्यावर बोटं ठेवून थरथर जाणवते का बघायला सांगा. थांबली तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही.

राहिला आईचा प्रश्न. देवधर्म पाळणाऱ्या घरात डुकराचं काही अंगात घातलेलं चालेल का, असं त्या विचारतात. माझ्याकडे गाईच्या हृदयावरणाला नको म्हणून डुकराची झडप मागणारे आले आहेत आणि डुकराची नको म्हणून गाईची मागणारेही. मी दोघांनाही आधी सगळं सांगून मगच पुढे जातो. तर तुम्हालाही सांगतो: डायलिसिसच्या प्रत्येक फेरीत नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून सहसा हेपारिन देतात, आणि ते हेपारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. म्हणजे बहुधा दीड वर्षापासून, आठवड्यातून तीनदा. आईला हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.